स्कोनच्या बुडावरचं पत्रक

शेवटचा वडा तुम्ही ज्या कागदावर खाल्लात, त्यावर काय लिहिलं होतं, सांगता येईल का?

येणार नाही, मला माहीत आहे. माझ्या वड्याचं मी सांगू शकते. सहावीच्या भूगोलाची उत्तरपत्रिका होती. वाऱ्यांचे प्रकार विचारले होते आणि पोराने थंड वारा, गरम वारा आणि पंख्याचा वारा असं उत्तर दिलं होतं. बाईंनी त्यावर मारलेली लाल फुली वड्याला चिकटून आली, म्हणून मी तो परत केला. गाडीवाले काका म्हणाले, "ताई, वडा खायाचा असतोय, वाचायचा न्हवं."

मी घरी आले आणि पत्रक लिहायला बसले.

आमच्या घरी यात काही विशेष नाही. बाबांचा छोटा छापखाना आहे. पोट लग्नपत्रिकांवर भरतं आणि जीव पत्रकांत असतो. शेजारची मुलं 'कमळ' आणि 'बदक' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर' आणि 'निषेध' वाचत होते. घरात भांडण झालं की आम्ही अबोला धरत नाही, पत्रक काढतो. ओला टॉवेल पलंगावर टाकण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध आईने काढलेलं पत्रक अजून फ्रीजवर आहे. त्याखाली बाबांनी बारीक अक्षरात खुलासा जोडला आहे.

वड्याच्या पत्रकाचा मथळा होता, 'शाई पोटात जाते'. खाली आवाहन होतं की लिहिलेल्या किंवा छापलेल्या कागदात खाण्याचे पदार्थ देऊ नका, दिले तर घेऊ नका. बाबांनी ते एका बाजूला जाड, ठसठशीत अक्षरांत छापलं, मागची बाजू कोरी ठेवली आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. पत्रक छापणं सोपं असतं. वाटणं अवघड. वाचून घेणं जवळजवळ अशक्य. लोक ते हसून हातात घेतात, थोडं पुढे जातात, घडी घालतात आणि त्याने गाडीची सीट पुसतात.

हा गठ्ठा घरात तसाच पडून होता, आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंना स्कोन खायचा होता.

काकू जैन. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे साधं बोलणं मराठीत आणि रागावणं कन्नडमध्ये. त्यांची लेक आणि मी एका बाकावर बसून शिकलो. ती आता इंग्लंडात शिकते आणि घराबाहेरचा तिचा पहिला वाढदिवस दिवाळीच्या तोंडावर येत होता. तिने फोनवर सांगितलं, "आई, मी इथं ताक घालून बिनअंड्याचे स्कोन करते. तूही तिथं कर. आपण दोघी फोनसमोर एकदमच खाऊ." काकू हो म्हणाल्या. स्कोन म्हणजे काय, हे त्यांनी फोन ठेवल्यावर मला विचारलं.

त्यांनी चुकीच्या माणसाला विचारलं होतं. स्कोनविरुद्ध मी आधीच पत्रक काढलं होतं. कोपऱ्यावरच्या नव्या कॅफेत काचेच्या बरणीत स्कोन, म्हणजे छोटे गोल विलायती पाव, दिसायला लागले, तेव्हा मी जिन्यात लावलं होतं: 'ज्या गावात म्हशीची धार थेट पेल्यात पडते, त्या गावाने परक्यांच्या कोरड्या पावासाठी रांग लावावी काय?' ते वाक्य मला फार आवडलं होतं.

"वाचलंय मी ते," काकू म्हणाल्या. "चांगलं लिवलंयस. पोरीचा वाढदिवस हाय. कधी करायचा?"

मी तत्त्वाची माणूस आहे, पण काकूंसमोर तत्त्व जरा बसून घेतं.

काकूंचे नियम मला पाठ होते. अंडं नाही. बेकरीतलं काही नाही, आजवर एक खारीसुद्धा नाही. दही त्याच दिवसाचं. आणि सूर्य मावळला की तोंडात काही नाही. लेकीची जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा इथलं ऊन पिवळं पडलेलं असायचं. त्या सुट्टीच्या आणि मावळतीच्या मधल्या फटीत स्कोन ताटात हवा होता. तसं झालं नाही तर लेक तिकडे एकटीच खाणार आणि आई इकडे नुसती बघत बसणार. हे काकूंनी एकदाच बोलून दाखवलं, तेही खोबरं खवता खवता, माझ्याकडे न बघता.

सगळ्यात आधी ताक. काकू दह्याला विरजण लावत नाहीत. कोमट दुधात तापवलेलं चांदीचं नाणं सोडतात आणि भांडं झाकून ठेवतात. मी वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या पत्रकांवर वाढलेली. मी म्हटलं, "काकू, दही नाण्यानं लागत नाही."

"मग कशानं लागतंय?"

मी तोंड उघडणार तोच मागे उभ्या असलेल्या बाबांनी मला कोपराने ढोसलं आणि बाहेर जिन्यात नेलं. "त्यांच्यासमोर जिवाणू म्हणालीस तर त्या दही सोडतील," ते म्हणाले. "आणि दह्याशिवाय त्या जेवत नाहीत. विज्ञान उद्यापर्यंत थांबेल." मी आत गेले आणि म्हणाले की दही नाण्यानेच लागतं. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव विधान, ज्याचं पत्रक मी कधी काढणार नाही.

दही मात्र सुरीने कापावं असं लागलं. काकूंनी ते घुसळलं. त्याचंच लोणी आणि त्याचंच ताक, म्हणजे स्कोनचं निम्मं सामान एका भांड्यातून निघालं.

पहिला प्रयत्न कुकरमध्ये झाला. तळाला मीठ, त्यावर ताटली, शिट्टी काढून ठेवलेली. दोघींपैकी कुणाकडेच ओव्हन नाही. जे बाहेर आलं ते वजनदार होतं. बाबांनी ते हातात तोललं आणि खिडकीतल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. वाऱ्यावर अजून तेच वापरतात.

चूक मळण्यात होती, असं लेकीने रेकॉर्ड करून पाठवलेल्या निरोपात सांगितलं. मैद्यात सोडा आणि साखर मिसळायची, गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं झालं की ताक ओतायचं आणि कसंबसं गोळा करून सोडून द्यायचं. मळायचं नाही.

"मळायचं न्हाय म्हंजे?" काकूंनी निरोप पुन्हा लावायला सांगितला. "पीठ आणि मळायचं न्हाय?"

"असंच म्हणतेय ती."

"माझ्या सासूनं असलं पीठ बघितलं असतं तर मला माहेरी धाडली असती."

त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले, म्हणजे चुकूनही मळलं जाऊ नये. मी गोळा केला. तो इतका अस्ताव्यस्त होता की काकूंनी शेजारणीला दारातूनच परत पाठवलं. मग स्टीलच्या पेल्याने गोल पाडले आणि वरून अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवला.

आता भाजायचं कुठे, तर भट्टीत. दिवाळीआधी आमची अख्खी पेठ घरून पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर जाते आणि आपली नानकटाई आपल्यासमोर भाजून आणते. काकू इतकी वर्षं तिथे गेल्या नव्हत्या, कारण भट्टीच्या ट्रेमध्ये सकाळी केक भाजलेले असतात. मी तोडगा काढला. ट्रे आपल्या घरचा, खाली कागद आपल्या घरचा, आणि भट्टीच्या तोंडाशी मी स्वतः.

"नजर हलवायची न्हाय," काकू म्हणाल्या.

"नाही हलवणार."

"कुणाशी वाद घालायचा न्हाय."

मी म्हणाले, बघते.

घरातून निघताना मी खिडकीतून कागद उचलला. आमच्या घरात कागद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. गठ्ठाच घेतला. एक कागद ट्रेमध्ये घालायला आणि बाकीचे वाटायला. भट्टीवर दिवाळीची गर्दी असणार, हातात डबे घेऊन उभी, कुठे पळून न जाणारी. पत्रक वाटणाऱ्याला याहून चांगली माणसं मिळत नाहीत. ट्रेमध्ये मी कागद कोरी बाजू वर करून घातला. हे मी मुद्दाम सांगते आहे. कोरी बाजू वर होती.

रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. गोल अजून डब्यातच होते, त्यात त्यांनी डोकावून पाहिलं.

"हे काय, भाकरी?"

"स्कोन."

"व्हय? आजारी माणसाला असतंय का?"

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचायला घेतलं, आणि मग जे झालं ते माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. वाचून मागच्या बाईंना दिलं. त्यांनी वाचून त्यांच्या मागच्याला.

"मग वडा कशात खायाचा?" आजोबांनी विचारलं. "हातावर?"

"केळीच्या पानात खा की," मागच्या बाई म्हणाल्या.

"केळीचं पान खिशात घालून कोण हिंडतंय?"

"तुम्ही तरी कागद खिशात घालून कुठं हिंडताय?"

मी दोघांच्या मधे उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की पुढे सरकायचंही राहिलं. नंबर आला. भट्टीवाले मामा, हातभर लांब लाकडी फावडं खांद्यावर टाकलेले, म्हणाले, "काय चाललंय एवढं? मला बी बघू द्या की." वाटायचे कागद तोवर सगळे रांगेत गेले होते. मामांनी माझ्या ट्रेमधला कागद उचलला, उलटा केला आणि खड्या आवाजात सगळ्या रांगेला वाचून दाखवला. 'शाई पोटात जाते' हे तर त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जास्त दरडावून. एका बाईने हातातली कांदाभजी हळूच कागदातून काढून डब्याच्या झाकणावर ठेवली.

मामांनी कागद परत ट्रेमध्ये ठेवला. वाचलेला कागद माणूस कसा ठेवतो? वाचायची बाजू वर करून. मी त्या भजीवाल्या बाईंकडे बघत होते. बघत बघतच डब्यातले गोल एकेक करून ट्रेमध्ये मांडले. हात आपलं काम करत होते आणि मी क्रांती बघत होते.

"अंड्याचं काही आहे का आत?" मी विचारलं. ते मात्र विसरले नाही.

"दिवाळीचं घरगुती सगळं," मामा म्हणाले. "सकाळपास्नं अंडं न्हाय."

ट्रे आत गेला. मी भट्टीच्या तोंडावरून नजर हलवली नाही. स्कोन फुगले, वरून तांबूस झाले. रांगेतल्या लोकांनी वाकून पाहिलं. आजोबा म्हणाले, "भाकरी न्हाय ही. भाकरी अशी फुगत न्हाय." मी डबा भरून गाडीवर निघाले तेव्हा ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

काकू जरीकाठाची साडी नेसून बसल्या होत्या. फोन दह्याच्या भांड्याला टेकवून उभा केलेला. फोनमध्ये लेक, समोर तिचा स्कोन. पाटावर ताट, वाटीत साय, दुसऱ्या वाटीत काकवी. तिकडे लोक मुरंबा लावतात म्हणे, पण काकूंच्या मते गोड पदार्थाला काकवी मिळत असताना दुसरं काही लावणं म्हणजे आळस.

"झालं?"

"झालं."

"अंडं?"

"नाही."

काकूंनी एक स्कोन उचलला. भाकरी बघतात तसा उलटा करून त्याचं बूड बघितलं आणि बघतच राहिल्या.

"हे काय लिवलंय गं?"

बुडावर काळी, जाड अक्षरं होती. सगळी उलटी.

"कन्नडबी न्हाय हे," काकू म्हणाल्या.

मी दुसरा बघितला. त्यावरही. लोण्याने माझं पत्रक असं काही उचललं होतं की आमच्या यंत्रातूनही इतकं काळं निघत नाही. मी वरच्या मजल्यावर बाबांना हाक मारली.

बाबा तरुणपणी छपाईसाठी शिशाचे खिळे, म्हणजे उलट्या अक्षरांचे ठसे, जुळवायचे. त्यामुळे उलटी अक्षरं त्यांना सुलट्या अक्षरांपेक्षा पटकन वाचता येतात. त्यांनी चष्मा वर केला, सगळे स्कोन पाटावर पालथे घातले, क्रम लावला आणि वाचलं, "शाई, पोटात, जाते." मग खालचं आवाहनही बरंचसं वाचलं. "दोन स्कोनच्या मधली अक्षरं राहिलीत बघ, जोडून वाच," मला म्हणाले. "पण ठसा सुंदर आलाय. एकही अक्षर तुटलेलं नाही."

"शाईत अंडं असतंय का?" काकूंनी विचारलं.

बाबांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. "काजळी असते. तेल असतं. अंडं नसतं."

"मग झालं की." काकूंनी सायीची वाटी पुढे ओढली.

"नाही," मी म्हणाले. "खायचं नाही."

"का?"

"शाई पोटात जाते."

"ते कोण म्हणतंय?"

"पत्रकात लिहिलंय."

"पत्रक कुणी लिवलंय?"

"मी."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "म्हंजे बघ," त्या फोनमधल्या लेकीला म्हणाल्या, "हिनं आधी स्कोन करू नका म्हणून लिवलं. मग स्कोन केला. मग शाईवर ठेवू नका म्हणून लिवलं. मग शाईवर ठेवला. आता करून झालंय तर खाऊ नका म्हणतीय." पुढचं वाक्य कन्नडमध्ये होतं. लेकीने ते मला समजावून सांगितलं नाही.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. काकूंनी एकदा तिकडे पाहिलं आणि पदराने कपाळ पुसलं. मला भांडता येतं, हरता येतं, निषेध करता येतो. पण काकूंचं तसं उन्हाकडे बघणं मला अजिबात सोसत नाही.

"आई," फोनमधून लेक म्हणाली, "तू तो अख्खा खाणारेस का?"

"मग कसा खायाचा?"

"मधनं फोडायचा. दोन भाग. वरच्यावर साय लावायची."

तिने तिचा स्कोन आडवा फोडून दाखवला. काकूंनी त्यांचा फोडला. खालचा भाग पाटावर पडला, 'पोटात' हा शब्द घेऊन. वरचा भाग हातात राहिला. मी तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला, वास घेतला, बाबांना दाखवला. पांढरा, मऊ, ताकाचा किंचित आंबूस वास. अक्षर एकही नाही.

"आता हिला शिक्का पाहिजे त्यावर," काकू म्हणाल्या. "दे इकडं."

साय लावली, काकवी सोडली. तिकडे लेकीने तोंड उघडलं, इकडे काकूंनी. दोघी एकदमच चावल्या. लेकीच्या हनुवटीला साय लागली होती आणि काकू फोनच्या काचेवर पदर फिरवून ती पुसायचा प्रयत्न करत होत्या.

"कसा आहे?" लेकीने विचारलं.

काकूंनी घास पूर्ण गिळला. त्या तोंडात घास ठेवून बोलत नाहीत.

"फसलेली नानकटाई हाय," त्या म्हणाल्या. "आणिक एक दे."

मी दुसरा फोडून वरचा भाग पुढे केला. काकूंनी हात लांब केला आणि खिडकीकडे पाहिलं. भिंतीवरचं ऊन गेलं होतं. त्यांनी हात मागे घेतला, पाण्याचा पेलाही बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे," लेकीला म्हणाल्या. "तू खा माझ्या वाटचा. मी बघतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी येतो, मी बघतो. मग काकू बघत बसल्या आणि लेक दुसरा स्कोन खात राहिली, आणि आता त्या बघण्यात वाईट असं काही नव्हतं.

बुडं उरली. ती कुणालाही द्यायची नाहीत, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीलाही नाहीत, असं मी जाहीर केलं. बाबांनी मात्र ती छपाईचा नमुना म्हणून क्रमाने लावून फळीवर ठेवली. सकाळी फळीवर मुंग्या होत्या. काकू वर आल्या, एकेक मुंगी कागदावर घेऊन तुळशीत सोडली, आणि बुडांकडे बघून म्हणाल्या, "ही बघ तुझी हुशार माणसं."

मुंग्यांनी बुडं चहूबाजूंनी कुरतडली होती आणि अक्षरं सोडून दिली होती. फळीवर नुसते शब्द उरले होते, कडांना दातऱ्या असलेले.

नवं पत्रक त्याच दिवशी निघालं. मथळा काकूंचा आहे: 'मुंगीला कळतं.' खाली, अगदी शेवटी, बाबांनी बारीक अक्षरात जोडलं आहे की हा कागद ट्रेमध्ये घालू नये. भट्टीवाल्या मामांनी ते दारावर चिकटवलं आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः वाचून दाखवतात. रांग त्यामुळे फार हळू सरकते.

तेव्हा आता तुमच्याकडे एक मागणं आहे. या दिवाळीला तुमच्या पेठेतल्या भट्टीवर जाल तेव्हा ट्रेमध्ये घालायला कोरा कागद न्या, आणि मागे उभ्या असलेल्यासाठीही चार कोरे कागद जास्त घ्या. रांगेत कुणी पोरगी हातात पत्रक देईल. ते घ्या, शेवटपर्यंत वाचा आणि खिशात ठेवा. ट्रेच्या आसपास मात्र ठेवू नका. आणि वाचून झाल्यावर तिला एवढंच सांगा, की आता ट्रेकडे बघ.